द्वारकेनं बदललेला शेवट

"कान आढळला नाही म्हणतंय मेलं! मग ही कुडी कशात घातलीय मी, भोपळ्यात?"

गजराबाईंचा पोळपाट माझ्या वजनकाट्याला लागून असतो, त्यामुळे त्यांची कुरकुर आधी माझ्यावर आदळते आणि मग उरलीसुरली शेडभर पसरते. त्या दिवशी त्यांनी कानातला इअरफोन काढून माझ्या नाकासमोर धरला. शेंगदाण्याएवढी ती वस्तू, आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलेली, नवीकोरी. आतून एक गोड आवाजाची बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, "कान आढळला नाही. कृपया परत प्रयत्न करा."

"शालन, आता ह्या वयात नवा कान कुठनं आणू गं मी?"

"पुसून घाला, काकू. पिठाचे हात हायत तुमचे," पलीकडून नलिनी म्हणाली.

"दोनदा पुसला. सुनेच्या इतक्या मिनतवाऱ्या केल्या असत्या तर ती तरी बोलली असती माझ्याशी."

आमची शेड म्हणजे बार्शीतला बायकांचा पापड-उद्योग. मी पीठ तोलून देते आणि पापड मोजून घेते. मशीनचा पापड आमच्या निम्म्या किमतीला मिळतो, पण काही लोक अजून हाताचाच मागतात, कड जरा वाकडी असलेला. आता वाकडी कड पाडणारं मशीनही निघालंय असं ऐकते. गिऱ्हाइकांना हे आम्ही अजून सांगितलेलं नाही. लाटताना हात गुंतलेले असतात, तोंड आणि कान मोकळे. तोंडाची सोय जी ती आपापली करते. कानासाठी पूर्वी मोबाइल होता. कुणीतरी कादंबरी लावायचं, मोबाइल स्टीलच्या डब्यात उभा करायचा म्हणजे आवाज घुमतो, आणि सगळ्यांचं भागायचं. ते दिवस कानठशानं संपवले.

कानठसा म्हणजे काय हे कळायला मला वेळ लागला, पण कळल्यावर मी ज्याला त्याला गाठून सांगत सुटले होते. आपण समजतो की कान फक्त ऐकतो. तसं नाही, कान बोलतोही. आत शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिच्यात केसाळ पेशी. बाहेरून टिक् असा आवाज आला की त्या पेशी थरथरतात आणि त्या थरथरीचा अगदी बारीक आवाज उलटा बाहेर येतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण चांगला मायक्रोफोन टिपतो. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही हे दवाखान्यात याच युक्तीनं बघतात. बाळाला काय विचारणार, म्हणून त्याच्या कानालाच विचारतात. पुढे कुणाच्या तरी ध्यानात आलं, की हा उलटा आवाज माणसागणिक निराळा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. मग काय, पुस्तकाला कुलूप घालणं सोपं झालं. इअरफोन मधूनमधून ऐकू न येणारी टिचकी मारतो, कान उत्तर देतो, उत्तर ओळखीचं असलं तर पुढचं वाक्य उघडतं. ज्यानं विकत घेतलं त्याच्याच कानात पुस्तक वाजतं. नवऱ्याच्या जोडीतला एक इअरफोन बायकोनं कानात घातला, की नवऱ्याचंही बंद.

कान म्हातारा झाला की मात्र त्या पेशी मरत जातात, आणि उलटा आवाज येईनासा होतो. गजराबाईंना जरा मोठ्यानं बोललेलं सगळं ऐकू येत होतं. चहाडी तर हळू बोललेलीही ऐकू येत होती. पण त्यांचा कान टिचकीला उत्तर देत नव्हता. कंपनीच्या लेखी त्यांना कानच नव्हता.

आता, ह्या कुलपात सगळी लबाडीच होती असंही म्हणवत नाही. आधी काय चालायचं ते आम्हीही केलंय. नवी कादंबरी आली की दिवस मावळायच्या आत ग्रुपवर फुकट यायची, वर लिहिलेलं असायचं ‘वाचा आणि पुढे पाठवा’. पाठवणाऱ्याला वाटायचं आपण ज्ञानदान करतोय. जिनं लिहिलं तिच्या हातात काय पडलं, हा विचार आमच्यातल्या एकीच्याही मनात आला नव्हता. आमचे पापड कुणी असे फुकट वाटत सुटलं असतं, तर आम्ही लाटणी घेऊन गेलो असतो.

"आणा इकडं," द्वारका म्हणाली. "तुमच्या कानाला उत्तर देता येईना ना? माझ्या कानात घाला. मी ऐकते आणि तुम्हाला सांगते. कान माझा, तोंडबी माझंच. तोंडाला कसलं कुलूप लावतेत?"

मी चौकशी करून घेतली. एका खोलीत समोर बसलेल्या माणसांना आपल्या शब्दांत गोष्ट सांगायला नव्या कायद्याची ना नव्हती. सांगितलेलं बाहेर पाठवायचं नाही, एवढंच. तेव्हा ‘ऐकीव’ नावाच्या त्या कंपनीकडे आम्ही द्वारकेच्या कानाचं नाव नोंदवलं.

द्वारका तिसरीनंतर शाळेत गेली नाही. नवरा नाही, मुलगा पिंपरीला. पापड देऊन घरी गेली की तिच्याशी बोलायला भिंती. म्हणून रेडिओ, बातम्या, नाटकं, जे मिळेल ते ती ऐकत आलेली. एकदा ऐकलं की तिच्यात मुरतं. सांगण्याची तिची एक रीत होती. ती नेहमी एक वाक्य मागे असायची. कानात दुसरं वाक्य चालू, तोंडात पहिलं, आणि हाताखाली पापड. कुणी मध्ये बोललं की अंगठ्यानं इअरफोन दाबून थांबवायची आणि म्हणायची, "बोलून घ्या बाई, तोवर हिरॉईन दारात उभी हाय."

पहिल्या दोन-तीन पुस्तकांत ती नुसतं ऐकलेलं पुढे देत होती. मग हळूहळू तिची चव त्यात उतरायला लागली. पुण्यातल्या फ्लॅटमधली सासू बार्शीच्या सासूसारखी बोलायला लागली. लेखकानं नुसतं ‘जेवण झालं’ म्हटलं असलं तर द्वारका काय जेवण झालं तेही सांगायची. "हे पुस्तकात हाय का गं?" असं गजराबाईंनी विचारलं, तर म्हणायची, "उपाशी थोडीच ठेवायचीत मानसं?"

त्यानंतर आम्ही ‘फलाट क्रमांक चार’ लावली.

लेखिका वृंदा सुरवसे. मूळच्या आमच्याच गावच्या. त्यांचे वडील आमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, गाड्यांची नावं पुकारायचे. जुन्या लोकांना त्यांचा आवाज आठवतो. त्या शिकायला पुण्याला गेल्या आणि तिथंच मोठ्या झाल्या. गावच्या बाईची कादंबरी म्हणून आम्ही ती हौसेनं निवडली. शिवाय मोठं बक्षीस मिळालेली.

कादंबरीत सुमन नावाची एक बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून लहान मुलीला घेऊन घरातून निघते. हे असं कुठंही घडतं, त्यामुळे सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. मग स्टँड आला. चौथ्या फलाटाजवळचं सिमेंटचं बाकडं आलं. पोरीच्या अंगावर हिरवा स्वेटर आला, एक बटण निराळ्या रंगाचं. शेंगदाण्याच्या लाडवाचा डबा आला.

मी पापड मोजत होते. मोजता मोजता आकडा चुकला, कारण शेडमध्ये कसला तरी आवाज कमी झाला होता. वर बघितलं तर भामाचं लाटणं थांबलं होतं.

भामाबद्दल आता सांगायलाच हवं. भामा खिडकीखालच्या पोळपाटावर बसते. पापड असा लाटते, की त्यातून पलीकडचा उजेड दिसावा. बोलते फारच कमी. कित्येक वर्षांपूर्वी गजराबाईंनीच तिला हाताला धरून शेडमध्ये आणलं आणि सांगितलं, "ही आजपासून बसंल. हिला कुणी काय विचारायचं न्हाई." आम्ही विचारलं नाही. पण गाव लहान असतं. वैरागकडची एक बाई आपली पोर स्टँडवरच्या बाकड्यावर झोपलेली सोडून पुण्याच्या गाडीत बसली, हे त्या काळी सगळ्या बार्शीनं चघळलं होतं. हिरवा स्वेटरही सगळ्यांना माहीत होता. तेव्हा भामाला आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, आणि आम्हाला माहीत आहे हे तिला माहीत होतं. अशा तीन पदरी गप्पपणावर आमचं इतकी वर्षं छान चाललं होतं.

आणि आता तेच द्वारकेच्या तोंडून, एक एक वाक्य, शेडमध्ये येत होतं.

"बास करू या का आज?" मी म्हटलं. "पीठ पण संपत आलंय."

"चालू द्या," भामा म्हणाली. लाटणं परत फिरायला लागलं.

द्वारकेनं माझ्याकडे बघितलं. ती पुढे सांगायला लागली. सुमननं पोरीचा स्वेटर गळ्यापर्यंत ओढला. डबा तिच्या उशाशी ठेवला. समोर पुण्याची गाडी लागली होती. सुमन चढली. घंटी वाजली.

इथं द्वारका थांबली. तिच्या कानात पुढचं चालूच होतं. तिच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. ती ऐकत राहिली, बरंच ऐकलं, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. गजराबाई म्हणाल्या, "काय गं, गाडी पंक्चर झाली का?"

मग द्वारकेनं कानातला इअरफोन काढून पदराला बांधला आणि सांगायला सुरुवात केली.

"गाडी सुटली. पर सुमनचा जीव काय ऱ्हाईना. पयलाच थांबा आला तशी ती उतरली. कंडक्टर वरडला, अवो बाई तिकीट पुण्याचं हाय, तर म्हनली, असू दे. माघारीची गाडी मिळाली. स्टँडवर पळत आली. तर पोरगी बाकड्यावर तशीच. स्वेटरची बाही तोंडात धरून गाढ झोपलेली. तिनं उचलली, खांद्यावर टाकली, आन् चालायला लागली. संपलं."

इअरफोन पदरात असताना गोष्ट कुठून आली, हे सगळ्यांनी बघितलं होतं.

"चांगलं झालं," भामा म्हणाली, आणि पुढची लाटी घेतली.

पुढची चूक नलिनीची. पण ती चूक मायेपोटी झाली. नलिनीची बहीण इचलकरंजीला पाठीच्या दुखण्यानं अंथरुणात होती. तिला ऐकवायला म्हणून नलिनी द्वारकेचं सांगणं मोबाइलवर भरून घेत असे आणि पाठवत असे. बाहेर पाठवायचं नाही हे तिला माहीत होतं. "बहीण म्हंजे बाहेर व्हय?" असं तिनं मला नंतर विचारलं. बहिणीनं ते जावेला पाठवलं. जावेनं भिशीच्या ग्रुपवर टाकलं. पापडाच्या लाटण्यांचा खुळखुळाट मागे, मध्येच गजराबाईंचा खोकला, आणि द्वारकेचा आवाज. महिन्याभरात ते ऐंशी हजार लोकांनी ऐकलं. बऱ्याच जणांनी खाली लिहिलं होतं, मूळ कादंबरीपेक्षा हे आवडलं. शेवटाला रडू आलं.

याच दिवसांत एकदा भामा नलिनीजवळ जाऊन म्हणाली, "ते तेवढं मलाबी टाक की." त्यानंतर रोज सुटताना मी बघत होते. भामा फाटकापर्यंत जाते, मोबाइल कानाला लावते आणि तशीच घराकडे चालायला लागते. सगळी गोष्ट नाही, तेवढं चालण्यात बसत नाही. फक्त शेवट.

मग नोटीस आली.

कंपनीजवळ एक राखणदार प्रोग्राम आहे. तो शब्द जुळवत बसत नाही, कारण शब्द काय, कुणीही बदलतं. तो गोष्टीचा सांगाडा बघतो. कोण निघालं, कुठं थांबलं, काय मागे ठेवलं, त्यानंतर काय झालं. माणूस कपडे बदलून आला तरी चालीवरून ओळखावा, तसं. द्वारकेची गोष्ट त्यानं बरोबर ओळखली आणि शेवटाशी येऊन अडखळला. सांगाडा एकच, डोकं दुसरं.

पाठवल्याबद्दल नलिनीनं माफी मागितली, तिला ताकीद मिळाली, विषय मिटला. द्वारकेचं प्रकरण वेगळं होतं. दुसऱ्याची गोष्ट त्याच्या नावावर सांगायची आणि शेवट भलताच, याला कायद्यात कृतीची विकृती म्हणतात. लेखकाचं नाव आणि लेखकाचं म्हणणं, दोन्ही राखलं गेलं पाहिजे. मला तरी ह्यात गैर काही वाटलं नाही.

शिक्षा मात्र भलतीच होती. कान मिटवणे. द्वारकेचा कानठसा पाच वर्षं बंद यादीत. पुस्तक, गाणं, नाटक, मालकीचं काहीही तिच्या कानात वाजणार नाही.

सुटका होती, आणि ती इतकी सोपी होती की आम्हाला हसू आलं. द्वारकेनं स्वतःच्या आवाजात खरा शेवट सांगायचा. कंपनी ती दुरुस्ती सगळ्यांकडे पाठवणार. ज्याच्या ज्याच्या मोबाइलमध्ये जुना शेवट असेल तो आपोआप पुसला जाईल आणि तिथे नवा बसेल. पाच मिनिटांचं काम. खरा शेवट नोटिशीत दिलेलाच होता. सुमन मागे वळून बघत नाही. गाडीत खिडकीशी बसल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा गाढ झोप लागते. ती परत कधीच येत नाही.

"सांगून टाक," मी म्हटलं. "एवढ्यानं भागतंय तर."

"न्हाई सांगायची मी."

"अगं, कान बंद होईल तुझा. घरी काय करणार हायस तू? भिंतीशी बोलशील?"

"भिंत काय वाईट हाय? ऐकून तरी घेती."

"द्वारके, हट्ट कसला हा?"

तिनं हातातली लाटी परातीत टाकली आणि मला बाहेर नळापाशी घेऊन गेली. "शालन, तू रोज बघतीस. फाटकापासनं ती काय ऐकत जाती ते. तिच्या मोबाइलमधनं ते पुसायचं, आन् त्या जागी काय घालायचं? माझ्या आवाजात? की ती मागं वळली न्हाई, तिला झोप लागली?" नळ सोडून तिनं हात धुतले, धुतलेलेच परत धुतले. "माझा कान जाऊ दे. न्हाईतरी म्हातारा व्हनारच हाय. गजराकाकूचा झाला तसा."

"मग कारण सांग त्यांना. तसं कळव."

"काय कळवू? कुनाचं नाव घेऊन कळवू?"

आम्ही आत आलो. भामा खिडकीखाली लाटत होती. नोटीस मी सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती, त्यामुळे पुसलं जाणार आहे हे तिलाही ठाऊक होतं.

द्वारकेनं कंपनीला कळवलं, विसरले म्हणून बदलला, दुरुस्ती करणार नाही. अशा उत्तरावर कान लगेच मिटायचा. पण मिटवण्याआधी लेखकाची सही लागते, आणि वृंदाताईंनी सही केली नाही. म्हणाल्या, मला त्या बाईंना भेटायचंय.

त्या आल्या दुपारच्या. पन्नाशीच्या आसपास, पांढरे केस कापलेले, सुती साडी. बरोबर कंपनीचा वकील, निनाद पोतनीस, तरुण आणि घामाघूम. त्यानं वजनकाट्याशेजारी रेकॉर्डर ठेवला. वर लाल दिवा. भेटीची नोंद करावी लागते, म्हणाला, आणि दुरुस्ती झाली तर ती इथूनच थेट जाईल. गजराबाईंनी त्याला विचारलं, "बाळ, तुझी कंपनी मला कान न्हाई म्हनती. बघ बरं, हाय का?" त्यानं खरंच वाकून बघितलं आणि म्हणाला, "आहे, आजी." "मग सांग त्यांना." एवढ्यावर सगळ्या हसल्या, आणि जरा बरं वाटलं.

वृंदाताई द्वारकेच्या समोर जमिनीवरच बसल्या. खाली पीठ सांडलं होतं, त्यांनी बघितलं नाही.

"तुमचं सांगणं मी पूर्ण ऐकलं," त्या म्हणाल्या. "खरं सांगू का, मला राग आला होता. ऐकताना मध्येच विसरले की मी रागावलेली आहे. तुम्ही त्या डब्यातल्या लाडवाला तुपाचा वास दिलात. माझ्या पुस्तकात तो नाहीये."

"वास असतोय की," द्वारका खाली बघून म्हणाली.

"माझ्या पहिल्या सहा पुस्तकांवर मला चहाचा खर्चसुद्धा सुटला नाही. सगळ्यांनी वाचली, फुकट वाचली. मी शिकवण्या घ्यायचे आणि पहाटे उठून लिहायचे. म्हणून हे कुलूप यावं यासाठी मीही भांडले. तुमच्यासारख्या बाईचा कान मिटवायला नव्हे. पण शेवट माझा आहे हो. तो लिहायला मला एक वर्ष लागलंय. मला फक्त कारण सांगा. कारण पटलं तर मी तक्रार मागे घेते. आत्ता, इथेच."

"विसरले."

"स्वेटरचं निराळ्या रंगाचं बटण तुम्ही विसरला नाहीत. शेवट विसरलात?"

नलिनी पोळपाटावरचं पीठ बोटानं गोळा करायला लागली. मी काट्याचं पारडं पुसलं. ते स्वच्छच होतं. एवढ्या बायका एका शेडमध्ये, आणि एकीचीही नजर खिडकीकडे जाऊ नये म्हणून प्रत्येकीची धडपड. कुणी न बघितल्यामुळेच ती जागा उठून दिसत असावी.

"मी ही गोष्ट कल्पनेनं नाही लिहिली," वृंदाताई म्हणाल्या. "माझे वडील इथे स्टँडवर होते. ती मुलगी त्यांनीच उचलली बाकड्यावरून. चौकीवर नेण्याआधी त्यांनी पुष्कळ वाट बघितली. तिच्या आईचं वर्णन सांगून लाउडस्पीकरवर पुकारा केला. नंतर तिला एका संस्थेत दिली, पुढे ती कुणाकडे गेली, ते आम्हाला कळलं नाही. बाबा मरेपर्यंत म्हणायचे, आई आली नाही बघ. त्यांना त्या बाईचा राग होता. मला नव्हता. मला वाटायचं, किती सोसलं असेल तेव्हा गेली. म्हणून मी तिला झोप दिली. निदान माझ्या पुस्तकात तरी तिला शांत झोप लागावी. तुम्हाला माझ्या शेवटाचा का राग आला, तेवढं सांगा."

"राग न्हाई, बाई," द्वारका म्हणाली. "मिटवा कान. काय सही करायची ती करा, पन मला इचारू नका."

पोतनीसनं हळूच कागद पुढे केला. वृंदाताईंनी पेन घेतलं नाही. त्या द्वारकेकडे बघत होत्या, मग नलिनीकडे, मग माझ्याकडे. मी पारडं पुसत होते. लिहिणारी बाई, इतक्या जणी एकाच दिशेला बघायचं टाळतायत हे तिला किती वेळ कळणार नाही? त्यांची मान वळली.

खिडकीखाली लाटणं थांबलं होतं.

वृंदाताईंचा चेहरा एकदम उतरला. हात लांब करून त्यांनी काट्याशेजारचा रेकॉर्डर घेतला, बंद करायला.

"असू दे चालू," भामा म्हणाली.

ती उठली. पदराला हात पुसत पुसत आमच्या मधून आली आणि द्वारकेच्या शेजारी बसली. द्वारकेनं तिचा हात धरला. "भामे, नको. काय गरज न्हाई."

"तू गप. लई बोललीस माझ्यासाठी." मग ती पोतनीसकडे वळली. "दादा, दुरुस्ती म्हंजे ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्या समद्यांला जाणार ना?"

"हो, मावशी. सगळ्यांना. ऐंशी हजारांच्या वर आहेत."

"कुठं कुठं हायती?"

"सगळीकडे. बाहेरच्या देशातही असतील."

भामानं मान हलवली. पोर आता तिशीची असेल, हा हिशेब त्या क्षणी शेडमधल्या प्रत्येकीनं केला असणार. भामानं तो रोज केला असेल.

लाल दिवा जळत होता. भामानं रेकॉर्डर वृंदाताईंच्या हातातून घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरला, लाटी धरतात तसा, जपून.

"घ्या दुरुस्ती," ती म्हणाली. "ती बाई मी हाय. कुर्डुवाडीला उतरले, माघारी आले. बाकडं मोकळं होतं. इचारायला तोंड न्हवतं, म्हनून इचारलं न्हाई. पर मी आले होते, बाळा. मी माघारी आले होते."